वजाची आडवी रेघ

माझ्या हातून फळ्यावर झालेल्या बहुतेक चुका एका आडव्या रेघेएवढ्या लांबीच्या आहेत. सूत्रच चुकलं, व्याख्या चुकली किंवा आकृती उलटी काढली, असं क्वचित झालं. वजाचं चिन्ह मात्र मी नको तिथे दिलं, हवं तिथे विसरलो आणि कधी कधी एकाच ओळीत दोनदा देऊन टाकलं. शहादा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या वेळी सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं आणि ‘विषयावरचं प्रभुत्व’ असे शब्दही कुणीतरी वापरले. समोर माझे दोन-तीन जुने विद्यार्थी बसले होते. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आमच्याकडे अकरावी सायन्सला येणारी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. घरी कुणाची अहिराणी, कुणाची गुजरी, धडगाव-अक्कलकुव्याकडून वसतिगृहात आलेल्यांची पावरी नाहीतर भिली. म्हणजे मराठी हीच त्यांच्यातल्या अनेकांची दुसरी भाषा, आणि अकरावीला पुस्तक एकदम इंग्रजीत. अशा वर्गासमोर उभं राहिलं की मास्तरला एक मोह होतो. समजावत बसण्यापेक्षा नियम देऊन टाकावा. नियम पाठ होतो, परीक्षेत चालतो आणि पुढचं प्रकरण वेळेत सुरू करता येतं. मुक्त पतनासाठी मी असाच एक नियम तयार ठेवला होता: ‘वर जाताना जी वजा, खाली येताना जी अधिक.’ दरवर्षी मी तो वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेत असे. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत पाढे चाललेत.

हा नियम मी शोधलेला नव्हता. मला शिकवणाऱ्यांनीही तो तसाच दिला होता, आणि साध्या गणितात तो बरोबर चालतोही. सध्याच्या दहावीच्या पुस्तकात टेनिसच्या चेंडूचं एक उदाहरण आहे. चेंडू वर फेकला, तो ४.०५ मीटर उंचीपर्यंत जाऊन खाली आला. सुरुवातीचा वेग किती आणि एकूण वेळ किती? जी १० धरायचं. वर जाण्याचा भाग वेगळा सोडवायचा, तिथे त्वरण वजा १०. वेग येतो ९ मीटर प्रति सेकंद. मग खाली येण्याचा भाग वेगळा घ्यायचा, तिथे त्वरण अधिक १०. वेळ येते ०.९ सेकंद. वर जायलाही तेवढीच, म्हणून एकूण १.८ सेकंद. यात चूक काहीच नाही. ही खरं तर दोन स्वतंत्र गणितं आहेत, आणि प्रत्येक गणितात चेंडू ज्या दिशेला चाललाय ती दिशा धन धरली आहे. दुसरं गणित सुरू करताना पहिल्याची दिशा पुसून नवी घेतली, एवढंच.

हे ‘एवढंच’ मी कधी सांगितलं नाही. दिशा आपण निवडली होती, मध्येच बदलली होती आणि बदलण्याचा हक्क आपला होता, हे मुलांपर्यंत गेलंच नाही. त्यांच्यापर्यंत गेलं ते असं की गुरुत्वाकर्षणच चेंडू वर जाताना वजा असतं आणि खाली येताना अधिक होतं.

एके दिवशी मी वर्गात जे गणित घातलं ते पुस्तकातलं नव्हतं, माझं स्वतःचं होतं. तापीकाठची मुलं, निम्म्यांच्या शेतात विहीर, म्हणून विहीर घेतली. काठावर उभं राहून दगड सरळ वर फेकला, वेग १० मीटर प्रति सेकंद. पाणी काठापासून १५ मीटर खाली. दगड पाण्यात पडायला किती वेळ लागेल? एरवी मी याचे दोन तुकडे केले असते. पण आदल्या दिवशी एका मुलाने ‘सर, हे एका दमात सुटत नाही का?’ असं विचारलं होतं, आणि एका दमात सोडवून दाखवायची मला हौस आली होती.

फळ्यावर सूत्र लिहिलं. एस बरोबर यूटी अधिक एकछेद दोन एटी वर्ग. दगड वर फेकलाय, म्हणून जी वजा. विहीर १५ मीटर, म्हणून एस १५. समीकरण झालं:

१५ = १०टी − ५टी²

पाचाने भागून, सगळं एका बाजूला आणून टीवर्ग वजा दोन टी अधिक तीन बरोबर शून्य. वर्गमुळाखाली चार वजा बारा. म्हणजे वजा आठ.

मी थांबलो. वर्गमुळाखाली वजा आकडा आला की काहीतरी बिघडलंय, हे दहावीचं पोरही सांगेल. वर्ग शांत होता, आणि ही शांतता मुलांना काही कळलं नसल्यामुळे आहे असं मी गृहीत धरलं. खडू हातात तसाच धरून मी पाच-सहा सेकंद विचार केला. विचार कसला, आकड्यांशी तडजोड. दगड शेवटी खाली पडतोय ना, मग ‘खाली येताना जी अधिक’. डस्टरने वजा पुसून तिथे अधिक केलं:

१५ = १०टी + ५टी²

आता टीवर्ग अधिक दोन टी वजा तीन. अवयव सुबक पडले. टी बरोबर एक, किंवा वजा तीन. ‘वजा तीन सोडून द्यायचं, वेळ ऋण नसते,’ असं म्हणत मी ‘एक सेकंद’ लिहिलं आणि त्याभोवती चौकट काढली. पूर्णांकात सुटलेलं गणित बरोबर असतं, अशी माझी एक खाजगी श्रद्धा होती. गणितं आपणच आकडे जुळवून बनवलेली असतात आणि चुकीच्या वाटेवरही पूर्णांक भेटू शकतो, हे मला त्या वयात कळायला हवं होतं.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा उठला. तापीकाठच्या गावचा, अहिराणी बोलणारा. म्हणाला, ‘दगड पहिले वर जाई ना सर, मंग खाले.’

‘हो, मग?’

‘वर जायलाच एक सेकंद लागतो ना सर? दहाचा वेग, दर सेकंदाला दहा कमी. काल तुम्हीच सांगितलं.’

त्याचं म्हणणं इतकं बरोबर होतं की त्यावर उत्तर नव्हतं. एक सेकंद झाला तेव्हा दगड काठापासून पाच मीटर उंचीवर क्षणभर थांबलेला असणार. माझ्या चौकटीतल्या उत्तराप्रमाणे त्याच क्षणी तो पाण्यात पडलेला होता. विहिरीत दगड फेकलेल्या पोराला ते दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं, कारण मी विहिरीकडे पाहतच नव्हतो, समीकरणाकडे पाहत होतो. मी म्हणालो, ‘समीकरण खोटं बोलत नसतं. बस खाली.’

तो बसला.

संध्याकाळी घरी कागद घेऊन बसलो. वर म्हणजे धन, आणि हे गणित संपेपर्यंत बदलायचं नाही, असं ठरवलं. मग पाणी काठाच्या खाली आहे, म्हणून विस्थापन वजा १५. वेग अधिक १०. त्वरण वजा १०, दगड वर जात असो की खाली येत असो. वजा १५ बरोबर दहा टी वजा पाच टीवर्ग. उत्तर तीन सेकंद. पडताळून पाहिलं: एक सेकंद वर, एक सेकंदात परत काठाशी, आणि तिथून १० च्या वेगाने खाली निघालेला दगड पुढच्या एका सेकंदात दहा अधिक पाच असे १५ मीटर जातो. पोराच्या हिशेबाशी तंतोतंत जुळलं.

मग मला ते पुसलेलं पहिलं समीकरण आठवलं. त्यात एस अधिक १५ होता, म्हणजे मी विचारलं होतं की दगड काठाच्या वर १५ मीटर कधी पोहोचेल. दगड जेमतेम पाच मीटर वर जाणार होता. वर्गमुळाखालच्या वजा आठने मला सरळ सांगितलं होतं की असं कधीच होणार नाही. दुसऱ्या समीकरणात मी नकळत दगड खाली फेकला होता; तसा फेकला असता तर तो खरंच एका सेकंदात पाण्यात पडला असता. दोन्ही समीकरणांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली होती. ‘समीकरण खोटं बोलत नसतं’ हे त्या तासातलं माझं एकमेव बिनचूक वाक्य, आणि ते मी एका मुलाला गप्प करायला वापरलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि म्हणालो, ‘काल घाईत एक चिन्ह राहून गेलं होतं, दुरुस्त करून घ्या.’ तीन सेकंद लिहिलं. तिसऱ्या बाकाकडे पाहिलं नाही. चिन्ह राहून गेलं हे खोटं नव्हतं, पण ते घाईत राहिलं नव्हतं. कोणती दिशा धन धरलीय तेच मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याने ते दाखवलं त्याला मी खाली बसवलं होतं. हे दोन्ही त्या एका वाक्याच्या आड नीट झाकलं गेलं. त्या मुलाने वर्षभर मला पुन्हा काही विचारलं नाही. वह्या पूर्ण, हजेरी पूर्ण, प्रश्न नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात भेटला, पाया पडला, मुलांची ओळख करून दिली. मी विहिरीचा विषय काढला नाही. त्यानेही नाही.

एवढं होऊनही माझा नियम मी सोडला नाही, हे सांगितलं नाही तर हे कथन सोयीचं होईल. मी फक्त ‘एका दमात’वाली गणितं टाळू लागलो. नियमाचा खरा हिशेब कळला तो एका चाचणीत. सहज म्हणून एका गुणाचा प्रश्न घातला होता: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वात उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? निम्म्याहून जास्त वर्गाने ‘शून्य’ लिहिलं. चेंडू तिथे थांबतो म्हणून काहींनी शून्य लिहिलं असेल. वेग आणि त्वरण यांतला तो नेहमीचा घोळ. पण एका हुशार मुलाने कारण लिहिलं होतं: वर जाताना वजा १०, खाली येताना अधिक १०, म्हणून मध्ये शून्य.

मी लाल पेन खाली ठेवलं. त्याच्या तर्कात खोट नव्हती. वजा दहावरून अधिक दहावर जायचं तर वाटेत शून्य लागणारच. मी शिकवलेल्या नियमातून जे निघायला हवं तेच त्याने काढलं होतं. चेंडू ज्या क्षणी वर टेकतो त्या क्षणी पृथ्वी त्याला ओढायचं थांबवते, असं माझ्या वर्गातली मुलं वर्षानुवर्षं मानून पुढे जात होती. कुणी डिप्लोमाला गेलं, कुणी बीएस्सीला, आणि माझ्यासारखी मास्तर झाली असतील तर तेच शिकवतही असतील.

या गैरसमजाचाच जुळा भाऊ म्हणजे ‘वजा त्वरण म्हणजे वेग कमी होणं’. वर धन धरलं तर खाली पडणाऱ्या दगडाचा वेगही वजा आणि त्वरणही वजा. दोघं एकाच दिशेचे, म्हणून दगड अधिकाधिक जोरात चाललाय. हे मुलांच्या गळी उतरवायला मला पुढे फार कष्ट पडले, कारण ‘वजा म्हणजे मंदन’ हेही मीच आधी भरवलं होतं.

आता उत्तरपत्रिकेची गोष्ट. ही आठवली की अजून कानकोंडं व्हायला होतं. विहिरीचंच गणित, आकडे बदलून, सराव परीक्षेत घातलं होतं. तोवर मी शहाणा झालो होतो, म्हणजे ‘वर धन, खाली ऋण’ हा नवा नियम वर्गाकडून म्हणवून घेत होतो. एका मुलीने खाली धन धरलं. खोली अधिक, जी अधिक, आणि वर फेकलेल्या दगडाचा वेग वजा. शेवटपर्यंत तसंच नेलं, वेळ बरोबर काढली. मी संपूर्ण गणितावर काट मारली. तिने पेपर आणून दाखवला.

‘सर, उत्तर तेच आलंय.’

‘उत्तराला मार्क नसतात, पद्धतीला असतात.’

वाक्य पुन्हा बरोबर. फक्त ते तिच्या बाजूचं होतं आणि मी माझ्या बाजूने वापरत होतो. तिची पद्धत माझ्याहून एक ओळ मोठी होती, कारण तिने सुरुवातीलाच ‘खालची दिशा धन धरू’ असं लिहिलं होतं. ती ओळ मी वाचलीच नाही. आमच्या भागात विहीर परसात मोजतात: अमक्याची सात परस, तमक्याची नऊ परस. कोणताही शेतकरी ‘उणे सात परस’ म्हणत नाही. खोली खाली जाईल तशी वाढते, हे त्या मुलीला घरी शिकवावं लागलं नव्हतं. तिने घरचं माप पेपरात आणलं आणि गणिताच्या नियमांना धरून चालवलं. मी मात्र ‘वर म्हणजे धन’ हे निसर्गाने ठरवून दिल्यासारखा वागलो. गुण वाढवून दिले नाहीत. बोर्डात तिला भौतिकशास्त्रात चांगले गुण पडले. ते माझ्यामुळे नव्हते.

याच काळात मी नोट्सही काढल्या होत्या. झेरॉक्सवाल्याकडे मूळ प्रत असायची, पोरं जाऊन घ्यायची. त्यात मी ‘जी = −९.८’ असं ठळक लिहिलं होतं आणि खालच्या सूत्रात पुन्हा ‘वजा एकछेद दोन जीटी वर्ग’. दोन्ही पाळले की दोन वजांचं अधिक होतं आणि दगड आकाशात निघून जातो. जी हा आकडा नुसता परिमाण म्हणून ९.८ ठेवायचा आणि दिशेचं चिन्ह त्याच्या बाहेर, एकदाच, लावायचं, हे नीट लिहायला एक ओळ पुरली असती. त्या नोट्स दुसऱ्या गावांतही फिरल्या असं नंतर कळलं. किती दगड वर गेले असतील, देव जाणे.

आता वजा एक सेकंदाबद्दलही सांगायला हवं. विहिरीचं गणित नीट सोडवलं की उत्तरं दोन येतात: तीन आणि वजा एक. मी आयुष्यभर वजा एक ‘सोडून द्यायला’ सांगितलं. एका वर्षी, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनात तळोदा तालुक्यात आलेल्या एका कुटुंबातली मुलगी म्हणाली, ‘सर, पण तो आला कुठून?’ तोवर मी थोडा सुधारलो होतो. ‘उद्या सांगतो’ म्हणालो आणि घरी खरोखर विचार केला. दगड हातातून सुटला तो क्षण आपण शून्य धरलाय. वजा एक म्हणजे त्याच्या एक सेकंद आधी. समीकरणाला हात ठाऊक नाही, विहिरीचा काठही ठाऊक नाही. त्याला फक्त ठाऊक आहे की शून्य क्षणाला हा दगड काठाशी १० च्या वेगाने वर चालला होता. मग एक सेकंद आधी तो कुठे असता? पाण्याच्या पातळीवर, २० च्या वेगाने वर येत. म्हणजे पाण्यातून कुणी २० च्या वेगाने दगड वर फेकला असता, तर तो काठापाशी बरोबर माझ्या दगडासारखाच आला असता आणि एकूण चार सेकंदांनी परत पाण्यात, त्याच २० च्या वेगाने, पडला असता. सोडून दिलेल्या उत्तरात अर्धी गोष्ट होती.

मग कळलं की ऋण उत्तराचा हा पेच आपल्याच खानदेशात कधीचा माहीत होता. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख प्रसिद्ध आहे; भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात माकडांच्या कळपाचं एक उदाहरण घातलं. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले आणि त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक बाहेर दिसतंय. उत्तरं दोन: पन्नास आणि पाच. पाच घेतलं तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले म्हणजे वजा दोन माकडं. त्यांनी पाच नाकारलं आणि कारणही दिलं: व्यवहारात लोकांना ऋण संख्या पटत नाही. पण लीलावतीत त्यांनी दुसरीकडे उलट केलं आहे. त्रिकोणाच्या बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे दोन खंड किती? एक १५ येतो आणि दुसरा वजा ६. तो त्यांनी फेकला नाही. वजा म्हणजे उलट दिशेला, असं सांगितलं. लंब पायाच्या बाहेर पडतोय. आकृती काढून पाहिली तर लंब ८ येतो आणि सगळं जुळतं. एकच माणूस एका ठिकाणी ऋण उत्तर टाकतो, दुसऱ्या ठिकाणी ठेवतो, आणि दोन्ही वेळा आधी कारण पाहतो. मी कारण न पाहता टाकत आलो होतो, आणि माझ्याकडे आठशे वर्षांचा जास्तीचा अवधी होता.

शेवटच्या काही वर्षांत मी नियम म्हणवून घेणं बंद केलं. त्याऐवजी गणित सुरू करण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात एक बाण काढायचो आणि शून्य कुठे धरलंय तिथे ठिपका. बाण वर काढायचा की खाली, हे मुलांना विचारायचो. मुद्दाम दोन गट करून तेच गणित दोन्ही बाणांनी सोडवायला लावायचो. वेळ लागायचा, पोर्शन मागे पडायचा, आणि त्यावरून मला बोलणीही बसली.

नवापूरचं रेल्वे स्टेशन मला या कामी फार उपयोगी पडलं. महाराष्ट्र-गुजरातची हद्द या स्टेशनातून जाते. फलाटावरच्या एका बाकाचा निम्मा भाग इकडे, निम्मा तिकडे. आमच्या बऱ्याच मुलांनी तो पाहिलेला. हद्दीच्या रेघेवर शून्य ठेवा, नंदुरबारकडे धन. आता गुजरातच्या बाजूला उभा असलेला एक माणूस नंदुरबारच्या गाडीत बसायला या बाजूला चालत येतोय. त्याचं स्थान वजा, वेग अधिक. आता सुरतेकडे धन धरा. स्थान अधिक, वेग वजा. माणूस तोच, त्याची पिशवी तीच, गाडी चुकायची भीतीही तीच. जागेचं चिन्ह वेगळं आणि चालण्याचं वेगळं असू शकतं, हे मी बरीच वर्षं सूत्रांतून सांगून पाहिलं होतं. या स्टेशनावर ते एका तासात झालं.

शून्य आपण निवडतो, असं मात्र मी एकदा फार सहज बोलून गेलो. त्या तळोद्याच्या मुलीचं मूळ घर नर्मदेच्या काठावर होतं. तिथल्या गावांत धरणाचे आकडे समुद्रसपाटीपासून मोजलेले. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. त्या रेषेच्या वर घर की खाली, म्हणजे वजाबाकी करून अधिक उरतं की उणे, यावर कुणाचं काय बुडणार ते ठरलं. ती काही बोलली नाही, पण बोलता बोलता मलाच ते आठवलं आणि मी फळ्याकडे वळलो. पुढच्या तासापासून ‘या गणितात शून्य आपण निवडतो’ असं म्हणू लागलो.

निवृत्तीनंतर शिकवणी घेत नाही, पण शेजारचा मुलगा सीईटीची तयारी करतो आणि अडलं की वही घेऊन ओट्यावर येतो. परवा त्याने दोन दगडांचं गणित आणलं. ८० मीटर उंच मनोऱ्यावरून एक दगड सोडला, त्याच क्षणी जमिनीवरून दुसरा ४० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. कधी भेटतील, आणि जमिनीपासून किती उंचीवर? जी १०. त्याने पहिल्या दगडासाठी खाली धन धरलं होतं आणि दुसऱ्यासाठी वर धन. माझा हात आपोआप पेनकडे गेला. एका गणितात दोन बाण! एवढ्या वर्षांनी कमावलेला माझा एकमेव नियम त्याने पहिल्याच ओळीत मोडला होता. ‘हे असं चालत नाही रे,’ म्हणालोसुद्धा.

‘का बरं आजोबा? दोघांनी कापलेलं अंतर मिळून ८० व्हायला हवं ना?’

मी पुन्हा वाचलं. पहिल्याचं पाच टीवर्ग. दुसऱ्याचं चाळीस टी वजा पाच टीवर्ग. दोन्हींची बेरीज ८०. पाच टीवर्ग एकमेकांत उडाले, चाळीस टी बरोबर ८०, दोन सेकंद. प्रत्येक दगडाला त्याने त्याचा बाण दिला होता, पहिल्याचं शून्य वर आणि दुसऱ्याचं खाली ठेवलं होतं, आणि दोन्ही जोडताना आकृती काढून जोडले होते. गणित सुरेख सुटलं होतं. मी एका बाणाने केलं असतं तर दोन ओळी जास्त लागल्या असत्या.

‘बरोबर आहे,’ म्हणालो. ‘मीच घाई केली.’

मग त्याचं शेवटचं उत्तर पाहिलं. भेटण्याची जागा त्याने २० मीटर लिहिली होती. ते वरून मोजलेलं होतं. प्रश्न जमिनीपासूनची उंची विचारत होता. मी ‘जमिनीपासून’ या शब्दावर पेन ठेवलं. त्याने वही ओढून घेतली, वीस खोडून साठ केलं आणि पुढच्या गणिताचं पान उलटलं.